वजन उतरले, मशीनचा दाब मात्र जुनाच

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या आरोग्य पुरवणीत वजन कमी करणाऱ्या इंजेक्शनांविषयी नुकताच प्रसिद्ध झालेला लेख वाचला. औषधाचे गुण, दुष्परिणाम आणि महिन्याचा खर्च या तिन्हींविषयी लेखकाने आडपडदा न ठेवता लिहिले आहे. स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत घसा मिटून पुन्हा पुन्हा श्वास अडण्याचा आजार, वजन उतरल्यावर सुधारतो, असेही त्यात एका वाक्यात म्हटले आहे. वाक्य खरे आहे. पण ते तेथेच थांबल्यामुळे रोज रात्री सीपॅप मशीनचा (दाबाने हवा सोडून घसा उघडा ठेवणाऱ्या यंत्राचा) मास्क लावून झोपणाऱ्या माणसाने त्यातून काय घ्यायचे, हे कळत नाही. वजन उतरल्यावर त्या मशीनचे काय करायचे, ते कोणाला विचारायचे आणि कधी विचारायचे, या प्रश्नांची उत्तरे मला वर्षभर कोणी दिली नाहीत. म्हणून हे पत्र, थोडे लांबले तरी, लिहीत आहे.

मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला स्थापत्य अभियंता असून साताऱ्यात राहतो. २०१८ साली माझे वजन १०४ किलो होते. घोरण्याला घरात कोणी आजार समजत नव्हते. माझ्या वडिलांचेही घोरणे वाड्यात प्रसिद्ध होते. मी मात्र दुपारच्या बैठकांत मान टाकू लागलो, आणि एकदा पुण्याहून परतताना खंबाटकी घाट उतरता उतरता क्षणभर डोळा लागून गाडी कडेच्या कठड्याला घासली. कोणाला इजा झाली नाही, हे आमचे नशीब. त्यानंतर पत्नीने माझे काही ऐकून न घेता पुण्याला स्लीप स्टडीसाठी नेले. रात्रभर अंगाला तारा लावून झालेल्या त्या तपासणीत तासाला सरासरी ४६ वेळा माझा श्वास थांबत किंवा उथळ होत असल्याचे दिसले. हा आकडा ५ च्या खाली असला तर सामान्य, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम आणि ३० च्या वर तीव्र मानतात. मला सीपॅप मशीन मिळाले आणि त्याचा दाब १३ वर कायम करण्यात आला.

हे १३ म्हणजे १३ सेंटिमीटर उंचीच्या पाण्याचा दाब. कालव्यावर आणि धरणावर पाण्याचा दाब मीटरांत मोजण्यात ज्याची नोकरी गेली, त्याला आपला घसा वीतभरही न भरणाऱ्या पाण्याच्या दाबाने उघडा राहतो याचे नवल वाटले. भेटायला येणारे नातेवाईक मास्क पाहून "ऑक्सिजन लावलाय का?" असे हळू आवाजात विचारतात, म्हणून सांगतो की त्यात वेगळा ऑक्सिजन नसतो. खोलीतलीच हवा किंचित दाबाने नाकावाटे आत सोडली जाते आणि झोपेत सैल पडून मिटणारा घसा त्या दाबाने उघडा राहतो. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन या डॉक्टरांनी ही पद्धत १९८१ साली प्रथम प्रसिद्ध केली. दाब किती, हे मात्र ज्याच्या त्याच्या घशावर ठरते; एकाला ६ पुरतो, दुसऱ्याला १६ लागतो. पहिल्याच आठवड्यात मला उजाडल्यावर ताजेतवाने वाटू लागले आणि मशीनवर माझी श्रद्धा बसली. पुढे जो घोळ झाला, त्याला ही श्रद्धाही थोडी कारणीभूत आहे.

२०२३ च्या जानेवारीत रक्तातली साखर वाढल्याचे निघाले आणि मी खाण्यावर बंधन घातले. रोज पहाटे अजिंक्यतारा चढू लागलो. इंजेक्शन घेतले नाही, शस्त्रक्रिया केली नाही; चौदा महिन्यांत वजन ८४ किलोवर आले. साखर खाली आली, रक्तदाबाची एक गोळी डॉक्टरांनी बंद केली, शर्ट शिंप्याकडे गेले. झोप मात्र बिघडत चालली. सकाळी उठताना पोट नगाऱ्यासारखे फुगलेले असे आणि चहा होईपर्यंत ढेकरा थांबत नसत. रात्री मास्कच्या कडेने हवा सुटून शिटी वाजे, कधी ती थेट डोळ्यांत जाई. पूर्वी माझ्या घोरण्याने जागी होणारी पत्नी आता त्या फुसफुशीने जागी होऊ लागली. मी पट्टे आणखी आवळले. हवा सुटायची थांबली नाहीच, नाकाच्या दांड्यावर लाल व्रण मात्र पडला. पहाटे तीनच्या सुमारास झोपेतच मास्क ओढून काढायची सवय लागली आणि दुपारची ती जुनी पेंग परत आली.

पोटाच्या तक्रारीवर मी दोन महिने ॲसिडिटीच्या गोळ्या घेतल्या. मशीन देणाऱ्या दुकानाला फोन केला, तर तिकडून नवा मास्क घेण्याचा सल्ला मिळाला. मधुमेहाच्या डॉक्टरांनी वजनाचा काटा पाहून माझी पाठ थोपटली. या तिघांपैकी कोणी चुकीचे वागले असे मला म्हणायचे नाही. जो तो आपल्या खिडकीतून जेवढे दिसते तेवढे पाहत होता. पण वीस किलो वजन उतरलेल्या या माणसाच्या घशात अजूनही १०४ किलोच्या माणसासाठी ठरवलेल्या दाबाने हवा जाते आहे, हे तिघांपैकी एकाच्याही ध्यानात आले नाही. माझ्याही आले नाही, आणि ते यायला हवे होते. नदीवर पाण्याची उंची मोजून विसर्ग काढण्याचे कोष्टक असते. मोठा पूर येऊन नदीचे पात्र बदलले की जुने कोष्टक निरुपयोगी ठरते, पुन्हा मोजमाप घेऊन नवे करावे लागते, हे मी कनिष्ठांना पस्तीस वर्षे शिकवले. स्वतःच्या घशाचे पात्र बदलले तेव्हा मात्र जुन्याच कोष्टकावर वर्ष काढले.

पात्र बदलते ते कसे, हे नंतर एका छातीरोगतज्ज्ञांनी समजावून सांगितले. लठ्ठपणात चरबी पोटावर दिसते तशी घशाच्या भोवती आणि जिभेच्या आतही साठते. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील संशोधकांनी वजन उतरवलेल्या रुग्णांची एमआरआय तपासणी करून २०२० साली असे दाखवले की, श्वास अडण्याचे प्रमाण घटण्यात जिभेतली चरबी कमी होण्याचा वाटा सर्वांत मोठा होता. जिभेला वजन असते आणि उताणे झोपल्यावर ते घशावरच पडते, हा साधा हिशेब मला तोवर सुचला नव्हता. शिवाय पोटाचा घेर उतरला की आडवे झाल्यावर छातीवर येणारा दाब कमी होतो, फुप्फुसे अधिक फुगतात आणि त्यांच्या खालच्या ओढीने श्वासमार्ग ताणलेला राहतो. म्हणजे घसा उघडा ठेवायला पूर्वीइतका दाब लागत नाही. तरीही मशीन तेवढीच हवा ढकलत राहिले, तर जास्तीची हवा अन्ननलिकेतून पोटात जाते किंवा मास्कच्या कडेने बाहेर पडते. गाल बसलेले असल्यामुळे जुन्या मापाचा मास्क चेहऱ्याला नीट टेकत नाही, ती भर वेगळीच. काही थोड्या रुग्णांत जादा दाबामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड खाली जाऊन मेंदूच श्वासाची आज्ञा क्षणभर थांबवतो, असेही डॉक्टर म्हणाले. तेथे घसा उघडा असूनही श्वास थांबतो.

याच्या नेमकी उलटी चूकही होते आणि माझ्या मते ती अधिक घातक आहे. वजन उतरले, पँट ढिली झाली, आता आजारही गेला असे गृहीत धरून लोक मशीन माळ्यावर टाकतात. फिरायला येणाऱ्या आमच्या गटातील एका गृहस्थांनी तसेच केले. मशीनच्या पडद्यावर रोज सकाळी तासाचा आकडा १.५ ते २ दिसतो, मग आजार राहिला कुठे, असा त्यांचा सवाल होता. तो आकडा मशीन चालू असतानाचा असतो. मशीन नसताना काय होते याविषयी तो काहीच सांगत नाही. धरणाचे दरवाजे बंद असताना खालच्या पुलावरून नदीची पातळी पाहायची आणि पाऊस पडलाच नाही म्हणायचे, तशातली ही गोष्ट. त्यांचा दुसरा मुद्दा असा की मशीन न लावता दोन रात्री उत्तम झोप लागली. तेही खरे असेल. घोरण्याच्या धक्क्यांनी घशाला आलेली सूज मशीनच्या नियमित वापराने उतरलेली असते, त्यामुळे पहिल्या एकदोन रात्री पुष्कळदा बऱ्या जातात. घसा पुन्हा पूर्वपदावर येऊ लागतो तो नंतर.

वजन आणि हा आजार यांचे नाते किती घट्ट आहे, हे अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या ६९० लोकांवर झालेल्या आणि २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसते. चार वर्षांत ज्यांचे वजन १० टक्क्यांनी वाढले त्यांचा तासाचा आकडा सरासरी ३२ टक्क्यांनी वाढला, आणि ज्यांचे १० टक्क्यांनी घटले त्यांचा २६ टक्क्यांनी उतरला. उतरणे आणि नाहीसे होणे यांत मात्र अंतर आहे. मधुमेह असलेल्या २६४ जणांच्या २००९ सालच्या दुसऱ्या एका अभ्यासात आहार-व्यायामाच्या गटाचे वजन वर्षभरात सरासरी १०.८ किलोने घटले, तरी आजार पूर्ण गेलेले त्या गटात १३.६ टक्केच निघाले. तुलनेसाठीच्या दुसऱ्या गटात हे प्रमाण ३.५ टक्के होते. लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियांवरील अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला सरासरी आकडा शस्त्रक्रियेपूर्वी तासाला ५४.७ होता आणि नंतर १५.८ झाला. घट मोठी आहे, पण १५.८ हा आकडादेखील मध्यम आजारातच मोडतो. आपल्या लेखात ज्याचा उल्लेख आहे त्या टिर्झेपॅटाइड या वजन कमी करणाऱ्या इंजेक्शनच्या २०२४ सालच्या चाचण्यांत तासाचा आकडा सरासरी २५ ते २९ ने खाली आला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात अमेरिकेच्या औषध प्रशासनाने लठ्ठ रुग्णांतील मध्यम व तीव्र स्लीप ॲप्नियासाठी त्याला मान्यता दिली. या आजारासाठी मान्य झालेले ते पहिले औषध. तेथेही सुमारे निम्म्या रुग्णांचा आजार उपचार थांबवता येण्याइतका खाली आला नव्हता. त्यात आपल्यासारख्या आशियाई लोकांत लहान किंवा मागे सरकलेला जबडा हेही या आजाराचे एक मोठे कारण असते, म्हणूनच तो आपल्याकडे बेताच्या वजनाच्या माणसांतही आढळतो. चरबी वितळते, जबड्याचे हाड आहे तेथेच राहते.

म्हणून अंदाज न बांधता पुन्हा मोजावे लागते. अमेरिकन ॲकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिन या संस्थेने २००५ सालीच सांगून ठेवले आहे की, सीपॅप वापरणाऱ्याचे वजन लक्षणीय, म्हणजे साधारण १० टक्क्यांनी, घटले तर पूर्वी ठरवलेला दाब अजून लागतो का, हे पुन्हा तपासावे. माझ्या बाबतीत काटा ९४ किलोच्या खाली उतरला तेव्हाच ती वेळ आली होती. मी गेलो ८४ वर.

मशीन डॉक्टरांनी सांगितलेले काही दिवस बंद ठेवून घरीच एका रात्रीची तपासणी झाली. बोटाला चिमटा, छातीला पट्टा, नाकाला नळी, एवढेच सामान. अशी घरची तपासणी बहुधा प्रत्यक्ष झोपेच्या तासांनी न भागता नोंदीच्या एकूण तासांनी भागते, त्यामुळे आकडा जरा कमीच दिसू शकतो, हे डॉक्टरांनी आधीच बजावले होते. आकडा आला १७. मला तो पाहून एकाच वेळी आनंद आणि निराशा वाटली. अधिक उपयोगी माहिती आतल्या पानावर होती: उताणे असताना ३१ आणि कुशीवर असताना ६. वजन उतरल्यावर जो आजार मागे राहतो तो पुष्कळांत असा उताण्या झोपेपुरता उरतो, असे कळले. पत्नीने जुन्या बनियनला पाठीवर खिसा शिवून त्यात टेनिसचा चेंडू घातला आहे. नातवंडांना त्याची फार गंमत वाटते, पण मी उताणा होत नाही हे खरे.

मशीन बदलावे लागले नाही. सहा वर्षांपूर्वी घेतलेल्या त्याच मशीनमध्ये श्वासागणिक गरजेनुसार दाब कमीजास्त करण्याची सोय पहिल्यापासून होती. ती बंद ठेवून त्याला १३ वर बांधून ठेवलेले होते, एवढेच. डॉक्टरांनी ते ५ ते १० या मर्यादेत मोकळे केले. दोन आठवड्यांच्या नोंदीत रात्रीचा बहुतेक वेळ ८ किंवा त्याहून कमी दाब पुरल्याचे दिसले. मास्कची उशी, म्हणजे चेहऱ्याला टेकणारा मऊ भाग, एक माप लहान घेतली. पोटाची तक्रार चौथ्या दिवशी गेली आणि ॲसिडिटीच्या गोळ्या मी कचऱ्यात टाकल्या. माझा खर्च झाला तो घरच्या तपासणीचा आणि त्या उशीचा. त्यातला एक रुपयाही विम्यातून मिळाला नाही, कारण माझ्या पॉलिसीत रुग्णालयात दाखल न होता झालेली तपासणी बसत नाही. गंमत अशी की, लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेला विमा कधी लागू करायचा, याच्या आपल्या विमा नियामकाने घालून दिलेल्या अटींत, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, याचा आकडा) ३५ किंवा अधिक असताना जोडीला ज्या आजारांपैकी एखादा असावा लागतो, त्यांत तीव्र स्लीप ॲप्नियाचे नाव आहे. म्हणजे हा आजार गंभीर आहे, हे विम्याच्या कागदावर मान्य आहे.

दाब बदलायचा गुप्त मेनू कोणती बटणे दाबून उघडतो, हे मोबाइलवर पाच मिनिटांत सापडते. यंत्रांशी आयुष्य काढलेल्या मलाही तो मोह झाला होता. पण दाब आपोआप बदलणारी पद्धत सर्वांना चालत नाही. हृदय कमजोर असलेले, फुप्फुसांचा जुना विकार असलेले, किंवा लठ्ठपणामुळे ज्यांचा श्वासच अपुरा पडतो आणि ज्यांना त्यासाठी बायपॅप (श्वास घेताना जास्त आणि सोडताना कमी दाब देणारे मशीन) दिलेले असते, अशा रुग्णांचा दाब तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच बदलावा लागतो. आपण यांपैकी कशात मोडतो, हे आपल्याला माहीत असतेच असे नाही. त्यातही मास्कमधून हवा फार सुटत असेल तर मशीनचे आकडेच भरवशाचे राहत नाहीत. मग त्यांच्या आधारे घरी केलेली दुरुस्ती हवेतच केलेली.

आपल्याकडचा आणखी एक प्रकार येथे नोंदवायला हवा. वजन उतरलेल्याचे मशीन सहसा विकले जात नाही, ते नात्यात जाते. वर उल्लेखिलेल्या गृहस्थांनी आपले मशीन मेहुण्यांना दिले, तेही १५ च्या दाबासकट. मेहुणे दोन वर्षांपूर्वी बायपास झालेले. देणाऱ्याचा हेतू चांगला होता आणि घेणाऱ्याचे मशीनचे पैसे वाचले, पण दुसऱ्याचा चष्मा आपण सहसा नाकावर चढवत नाही, तो विचार येथे कोणी केला नाही. आणि जे स्वतः गाडी चालवतात, विशेषतः ज्यांच्या हाती एसटी, ट्रक किंवा शाळेची गाडी आहे, त्यांनी पुन्हा तपासणी होईपर्यंत एकही रात्र आपल्या मनाने मशीन बंद ठेवू नये, हे मी त्या घाटातल्या कठड्याला स्मरून लिहितो.

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. वजन कमी करण्यासाठी आहार, इंजेक्शन किंवा शस्त्रक्रिया देणाऱ्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत "रात्री मशीन लावता का?" हा प्रश्न विचारावा आणि केसपेपरवर १० टक्के घटीचा किलोतला आकडा लिहून ठेवावा, म्हणजे काटा तेथे पोहोचताच रुग्णाला झोपेच्या तज्ज्ञांकडे धाडता येईल. मशीन बसवून देणाऱ्याने दाब, तो ठरवल्याची तारीख आणि त्या दिवशीचे रुग्णाचे वजन, या तीन गोष्टींची चिठ्ठी मशीनच्या पाठीवर चिकटवावी. आमच्या खात्यात पंपावरसुद्धा अशी पाटी असते. माझ्या मशीनवर ती असती, तर "१३, नोव्हेंबर २०१८, १०४ किलो" हे तीन शब्द रोज रात्री डोळ्यांसमोर आले असते आणि वर्ष वाया गेले नसते. आता मी ती स्वतः चिकटवली आहे.

पाटी पुसून पुन्हा लिहिण्याची वेळही येते. इंजेक्शन बंद केले की उतरलेले वजन बऱ्याच अंशी परत येते, हे आपल्या लेखात म्हटलेच आहे. ते परत येताना घशातही येते, आणि तेव्हा खाली आणलेला दाब अपुरा पडू लागतो. या दिवाळीत फराळाला मी नाही म्हणू शकलो नाही. तीन किलो वाढले, आणि मशीनच्या नोंदीत ८ चा दाब ९ झालेला दिसला. जानेवारीत पुन्हा डॉक्टरांकडे जायचे ठरले आहे. या विषयावरील पुढचा लेख आपण छापाल, तेव्हा त्यात सीपॅप वापरणाऱ्यांसाठी चार ओळींची एक चौकट द्यावी, एवढी विनंती.

आपला,
एक निवृत्त अभियंता, सातारा